एकोणसत्तर बळींचं मोल : वेगवेगळ्या काळांतल्या खेळाडूंची तुलना कुठवर आली?

२ मार्च २०२५ ला जामठ्याच्या मैदानावर विदर्भानं तिसऱ्यांदा रणजी करंडक जिंकला. केरळविरुद्धचा अंतिम सामना अनिर्णित राहिला, पण पहिल्या डावातली ३७ धावांची आघाडी विदर्भाच्या कामी आली. याच सामन्यात डावखुरा फिरकीपटू हर्ष दुबे यानं मोसमातला ६९ वा बळी घेतला आणि एका रणजी मोसमात सर्वाधिक बळींचा विक्रम त्याच्या नावावर लागला. त्याआधी हा विक्रम बिहारच्या आशुतोष अमनकडे होता, २०१८-१९ मधले ६८ बळी. आणि अमनच्या आधी चव्वेचाळीस वर्षं तो बिशनसिंग बेदींकडे होता, १९७४-७५ मधले ६४ बळी.

योगायोग असा की तिघेही डावखुरे फिरकीपटू, एकाच जातकुळीचे. मग तिघांत थोर कोण? आर्वीतल्या कुठल्याही पानठेल्यावर हा प्रश्न टाकून पाहा, चहा यायच्या आत तीन उत्तरं मिळतील आणि तिन्हींना आकड्यांचा आधार असेल. बळी मोजले तर दुबे पहिला. सरासरी पाहिली तर अमन, त्याचा एकेक बळी ६.४८ धावांना पडला. बेदींची सरासरी ८.५३, दुबेची १६.९८. आणि ज्यानं बेदींना टाकताना पाहिलंय, तो आकड्यांकडे न बघताच बेदी म्हणेल.

वेगवेगळ्या काळांतल्या गोलंदाज-फलंदाजांची तुलना करावी का, करता येते का, आणि करायची तर कशी, हा वाद क्रिकेटइतकाच जुना आहे. अमेरिकेत बेसबॉलवाले हाच वाद शंभर वर्षं घालताहेत आणि त्यांनी त्यावर आपल्यापेक्षा जास्त डोकं खपवलंय. या वादाची आजची स्थिती काय, याचा हा आढावा. उदाहरणं शक्यतो आपल्याच भागातली घेतली आहेत, आणि त्यातही डावखुऱ्या फिरकीपटूंची, कारण महाराष्ट्राला त्यांची कधी वाण पडली नाही.

वादाची मुळं

महाराष्ट्रातला पहिला मोठा गोलंदाजही डावखुरा फिरकीपटूच होता. पळवणकर बाळू यांनी १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात १८.८४ च्या सरासरीनं ११४ बळी घेतले. तेव्हा ना रणजी करंडक होता, ना भारताचा कसोटी संघ. रणजी सुरू झाली १९३४-३५ मध्ये आणि तिथून पुढे देशांतर्गत आकड्यांची सलग वही मिळते. ही वही नीट ठेवण्याचं काम आनंदजी डोसा, सुधीर वैद्य यांच्यासारख्या मुंबईच्या संख्यातज्ज्ञांनी हातानं, कागदावर केलं. आज मोबाइलवर दोन बोटांत जे सापडतं, त्याच्या मागे ही पदरमोड आहे.

वही तयार झाली की तुलना आलीच. विजय मर्चंट यांची रणजीतली सरासरी ९८.७५; सचिन तेंडुलकरची ८७.३७. वासिम जाफरच्या रणजीतल्या धावा १२,०३८, म्हणजे मर्चंटांच्या तिपटीहून अधिक. जाफर कारकिर्दीच्या शेवटी विदर्भाकडून खेळला आणि २०१८-१९ च्या विजेत्या मोसमात त्यानं १,०३७ धावा केल्या, म्हणून आपल्याकडे त्याचं नाव घरच्या माणसासारखं घेतलं जातं. तिघंही मूळ मुंबईचे, तिघंही एकाच स्पर्धेत खेळलेले, तरी तिघांचे आकडे शेजारी ठेवले की काहीतरी खटकतं. ते नेमकं काय, इथून वादाला खरी सुरुवात होते.

मोजपट्टीच बदलत गेली

पहिली अडचण खेळपट्टीची. विदर्भातल्या शेतकऱ्याला काळी माती समजावून सांगायची गरज नाही. ती पाणी धरते, आणि वाळली की भेगाळते. जामठ्याचं मैदान तर वर्धेहून नागपूरला जाताना रस्त्यालगतच लागतं. तिथं फेब्रुवारी २०१० मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या हाशिम आमलानं नाबाद २५३ आणि जॅक कॅलिसनं १७३ धावा केल्या. त्याच सामन्यात डेल स्टेननं एका डावात ५१ धावांत ७ बळी घेतले. डिसेंबर २०१२ मध्ये इंग्लंडविरुद्धची कसोटी त्याच मैदानावर इतकी रेंगाळली की प्रेक्षकांना जांभया आवरेनात, आणि ती अनिर्णित राहिली. मग नोव्हेंबर २०१५ मध्ये दक्षिण आफ्रिका तिथंच ७९ धावांत बाद झाली, अश्विननं सामन्यात १२ बळी घेतले आणि दोन्ही संघांतल्या एकालाही अर्धशतक गाठता आलं नाही. सगळ्यात मोठी खेळी मुरली विजयची, ४० धावांची. आयसीसीनं ती खेळपट्टी निकृष्ट ठरवली. सहा वर्षांत एकाच मैदानावर एवढी उलथापालथ होत असेल, तर १९४८ च्या पुण्याशी २०२५ च्या नागपूरची तुलना करताना किती जपून पाऊल टाकावं लागेल!

पुण्याचंच बघा. डिसेंबर १९४८ मध्ये भाऊसाहेब निंबाळकरांनी महाराष्ट्राकडून काठियावाडविरुद्ध नाबाद ४४३ धावा केल्या. ब्रॅडमनच्या ४५२ च्या विश्वविक्रमाला अवघ्या नऊ धावा कमी असताना जेवणाची सुट्टी झाली आणि काठियावाडच्या कर्णधारानं सामनाच सोडून दिला. हा किस्सा मराठी घरांत पिढ्यान्‌पिढ्या हळहळून सांगितला जातो आणि ती हळहळ रास्तच आहे. पण त्याच मोसमात पुण्यातच मुंबई विरुद्ध महाराष्ट्र हा उपांत्य सामना झाला. मुंबई ६५१ आणि ८ बाद ७१४, महाराष्ट्र ४०७ आणि ६०४. एकूण २,३७६ धावा. प्रथम श्रेणीच्या एका सामन्यात एवढ्या धावा आधी कधी झाल्या नव्हत्या. निंबाळकरांच्या ४४३ चं मोल करताना ही दुसरी गोष्ट शेजारी ठेवली नाही, तर चित्र अर्धंच राहतं.

दुसरी अडचण नियमांची, आणि ती डावखुऱ्या फिरकीपटूच्या पोटावर पाय देणारी. बाळूंच्या काळात पायचीत द्यायचं तर चेंडूचा टप्पा यष्ट्यांच्या सरळ रेषेतच पडलेला लागे. ऑफ यष्टीबाहेर टप्पा पडून आत येणारा चेंडू पायावर घेतला तरी फलंदाज सुरक्षित. १९३५ पासून तो नियम प्रयोगादाखल बदलला आणि १९३७ मध्ये कायम झाला. पुढे पाय पुढे टाकून, बॅट पॅडमागे लपवून खेळणाऱ्यालाही बाद देता येऊ लागलं. तरीही पंच पुढच्या पायावरच्या फलंदाजाला पायचीत द्यायला बिचकत. २००८ मध्ये डीआरएस आला, पडद्यावर चेंडू यष्टीला लागताना दिसू लागला, तसा पंचांचा हातही सैल सुटला. म्हणजे बाळू, सत्तरच्या दशकातले पद्माकर शिवलकर आणि आजचा दुबे यांनी हुबेहूब सारखा चेंडू टाकला, तरी पहिल्याला काहीच मिळालं नसतं, दुसऱ्याला पंचाच्या मर्जीवर, आणि तिसऱ्याला हमखास.

फलंदाजाच्या बाजूनंही बदल झालेच. सत्तरच्या दशकाअखेर हेल्मेट आलं. षटकात किती उसळते चेंडू टाकायचे यावर बंधन आलं. सीमारेषा दोरीपर्यंत आत सरकली. बॅटी एवढ्या जाडजूड झाल्या की २०१७ मध्ये कडा ४० मिलिमीटर आणि जाडी ६७ मिलिमीटरपर्यंतच असावी, असा नियम करावा लागला.

तिसरी गोष्ट सामन्यांच्या संख्येची, ती सहसा कुणी बघत नाही. दुबेनं ६९ बळी १० सामन्यांत घेतले. विभागवार साखळीच्या काळात विदर्भ मध्य विभागात होता. बाद फेरी गाठली नाही तर वर्षाला तीन-चार सामने वाट्याला येत. त्या काळातल्या विदर्भाच्या गोलंदाजानं चार सामन्यांत प्रत्येकी १७ बळी घेतले असते, तरी त्याची बेरीज ६८ झाली असती. सामन्यात पडणारे बळीच जास्तीत जास्त वीस. विक्रम मोडायची सोयच नव्हती.

कोण काय म्हणतं

या वादात आज ढोबळमानानं चार मतं दिसतात.

पहिलं मत विक्रमवहीचं. जे झालं ते झालं, त्याला गुणक लावत बसू नका. या मताचा मान राखायला हवा. धावा आणि बळी यांनीच सामने जिंकले गेले, आणि कच्चे आकडे कुणालाही पडताळता येतात. गावस्करांचे १०,१२२, तेंडुलकरचे १५,९२१, हे आकडे कुणाच्या सूत्रावर अवलंबून नाहीत. पण याच न्यायानं पाहायचं तर नागपूरला जन्मलेले सी. के. नायडू आज कुठल्याच यादीत वर येत नाहीत. प्रथम श्रेणीत त्यांची सरासरी ३५.९४. हाच माणूस १९१६ पासून १९६३ पर्यंत प्रथम श्रेणी खेळला, १९३२ मध्ये लॉर्ड्सवर भारताचा पहिला कसोटी कर्णधार झाला, आणि १९२६ मध्ये बॉम्बे जिमखान्यावर एमसीसीविरुद्ध १५३ धावा करताना त्यानं ११ षटकार मारले.

दुसरं मत समकालीनांशी तुलना करणाऱ्यांचं. त्यांचं म्हणणं, बेदी आणि दुबे यांना समोरासमोर उभं करू नका. बेदी आपल्या काळातल्या इतर गोलंदाजांपेक्षा किती पुढे होते आणि दुबे आपल्या काळातल्यांपेक्षा किती, हे मोजा आणि मग ती दोन अंतरं ताडून पाहा. बेसबॉलमध्ये हे आता घरगुती गणित झालंय. तिथं १९६८ हे वर्ष पिचरांचं म्हणून प्रसिद्ध आहे. बॉब गिब्सननं सामन्यामागे १.१२ एवढ्याच धावा दिल्या. पुढच्या वर्षी पिचर ज्या उंचवट्यावरून चेंडू टाकतो तो १५ इंचांवरून १० इंचांवर आणला गेला. मग १.१२ या आकड्याला अर्थ काय उरला? त्यावर त्यांनी काढलेला तोडगा असा की त्या वर्षीच्या सरासरी पिचरला १०० धरायचं आणि बाकीच्यांना त्याच्या प्रमाणात मोजायचं. आपल्याकडे लावायचं तर समजा एखाद्या मोसमात एक बळी सरासरी ३० धावांना पडतोय आणि आपला गोलंदाज तो २० धावांना घेतोय. त्याचा निर्देशांक १५०.

क्रिकेटमध्ये १९८७ पासून चालत आलेली मानांकन पद्धत याच वाटेनं जाते. समोरचा संघ किती ताकदीचा, सामन्यात एकूण धावा किती झाल्या, हे धरून ती गुण देते आणि जुन्या खेळाडूंनाही मागे जाऊन लावता येते. ब्रॅडमन ९६१ वर, गावस्कर १९७९ च्या ओव्हल कसोटीनंतर ९१६ वर, हे त्यातूनच कळतं. ऑस्ट्रेलियाचे संख्यातज्ज्ञ चार्ल्स डेव्हिस यांनी तर एक पाऊल पुढे टाकून वेगवेगळे खेळच एका पट्टीनं मोजले. समकालीनांपेक्षा पुढे असण्याच्या हिशेबात ब्रॅडमन हे पेले आणि बेसबॉलचा टाय कॉब यांच्याही वर निघाले.

तिसरं मत सांगतं की खेळ सुधारत आलाय, त्यामुळे आजचा चांगला खेळाडू कालच्या महानापेक्षा वरचढ असणारच. आहार, व्यायाम, चित्रफितींचा अभ्यास, क्षेत्ररक्षण, सगळंच वाढलंय. याला वैचारिक बळ दिलं ते स्टीफन जे गूल्ड या जीवशास्त्रज्ञानं. मुख्य बेसबॉलच्या तेव्हाच्या वहीनुसार हजार संधींमागे चारशेहून अधिक यशस्वी फटके मारण्याचा पराक्रम १९४१ मध्ये टेड विल्यम्सनं शेवटचा केला, ४०६. नंतर कुणालाच का जमलं नाही? फलंदाज कमकुवत झाले म्हणून? गूल्ड यांचं उत्तर उलटं होतं. सगळेच सुधारले, म्हणून वरच्यांत आणि खालच्यांत अंतर कमी झालं, आणि म्हणून कुणी फार पुढे जाऊ शकत नाही.

हा विचार मला या सगळ्या वादातला सर्वांत धारदार वाटतो, आणि तो विदर्भाला लावून बघण्यासारखा आहे. १९५७-५८ पासून रणजी खेळणारा आणि साठ वर्षं बहुतेकांच्या हातून हरणारा आमचा संघ २०१७-१८ पासून तीनदा जिंकतो, याचा अर्थ वरच्या गटांतलं अंतर खरोखरच कमी झालंय. पण २०१८-१९ मध्ये ईशान्येकडची राज्यं, बिहार, उत्तराखंड, पुदुच्चेरी असे नऊ नवे संघ एकदम आले आणि त्यांच्या प्लेट गटात अंतर पुन्हा वाढलं. अमनचे ६८ बळी त्याच मोसमातले, त्याच गटातले. त्याची ६.४८ ही सरासरी त्याच्या कौशल्याइतकीच त्या अंतराचीही साक्ष देते. हे म्हणण्यात त्याचा अवमान नाही. त्याच्यासमोर जे आले त्यांना त्यानं बाद केलं.

चौथं मत डोळ्यांनी पाहिलेल्यांचं. बापू नाडकर्णी नेटमध्ये खेळपट्टीवर नाणं ठेवून त्यावर टप्पा टाकत, असं सांगतात. जानेवारी १९६४ मध्ये मद्रासला इंग्लंडविरुद्ध त्यांनी लागोपाठ २१ षटकं निर्धाव टाकली. पृथक्करण ३२ षटकं, २७ निर्धाव, ५ धावा, शून्य बळी. निर्देशांक या शून्याचं काय करणार? दुसऱ्या टोकाच्या गोलंदाजाला त्या दडपणाचा फायदा किती झाला, हे बघणाऱ्यालाच कळतं, असं या मंडळींचं म्हणणं. त्यात तथ्य आहे. फक्त स्मरणशक्ती आपल्या तारुण्यातल्या खेळाडूंना नेहमी झुकतं माप देते, हेही तितकंच खरं.

वहीत नाव नसलेले

तिसऱ्या-चौथ्या मतांच्या भांडणात एक गोष्ट मागे पडते, ती म्हणजे मैदानात यायला कुणाला मिळालं.

पळवणकर बाळू चर्मकार समाजातले. पुण्यात ते गोऱ्यांच्या क्लबात खेळपट्टीची निगा राखत आणि नेटमध्ये गोलंदाजी करत. हिंदू संघानं त्यांना खेळायला घेतलं, पण चहा वेगळ्या भांड्यात, मंडपाबाहेर दिला जाई. रामचंद्र गुहांनी हा सगळा इतिहास २००२ च्या आपल्या पुस्तकात तपशिलानं मांडला आहे. हिंदू संघाचं कर्णधारपद बाळूंना मिळालं नाही. त्यांचे धाकटे भाऊ विठ्ठल १९२३ मध्ये कर्णधार झाले. आता समकालीनांशी तुलनेचं सूत्र इथं लावा. सरासरी खेळाडूला १०० धरायचं, पण त्या सरासरीत ज्यांना कुणी दारातच उभं केलं नाही ते कसे येणार? चांगले खेळाडू बाहेर ठेवले की आतल्यांचा निर्देशांक आपोआप फुगतो.

अमेरिकेत हा प्रश्न अधिकृतपणे हाताळला गेलाय. कृष्णवर्णीय खेळाडूंच्या वेगळ्या लीगचे आकडे मे २०२४ मध्ये मुख्य बेसबॉलच्या वहीत सामील केले गेले आणि जॉश गिब्सन ३७२ च्या कारकीर्द सरासरीनं टाय कॉबच्या ३६७ च्या वर गेला. त्यावरही मतभेद आहेत. त्या लीगचे सामने कमी, नोंदी अपुऱ्या, असं काही जण म्हणतात. पण निदान वही उघडली गेली.

संधीचा प्रश्न जातीपुरताच नव्हता. शिवलकरांनी प्रथम श्रेणीत १९.६९ च्या सरासरीनं ५८९ बळी घेतले. १९७२-७३ च्या रणजी अंतिम सामन्यात तमिळनाडूविरुद्ध एका डावात १६ धावांत ८ आणि दुसऱ्यात १८ धावांत ५. हरियाणाच्या राजिंदर गोयल यांचे १८.५८ च्या सरासरीनं ७५० बळी. दोघांच्या नावावर कसोटी शून्य, कारण त्याच जागेवर बेदी होते. बेदींची प्रथम श्रेणीतली सरासरी २१.६९. एकाच काळातले, एकाच हातानं, एकाच शैलीत टाकणारे तीन गोलंदाज. त्यांचाही निकाल आकडे लावू शकत नाहीत. बेदी देशोदेशी, कठीण परिस्थितीत खेळले, हे त्यांच्या बाजूनं. उरलेल्या दोघांना ती परीक्षाच देता आली नाही, हे त्यांच्या बाजूनं. २०१७ मध्ये क्रिकेट मंडळानं शिवलकर आणि गोयल या दोघांना सी. के. नायडू जीवनगौरव पुरस्कार दिला. विदर्भाची गोष्टही फार वेगळी नाही. इथल्या संघातून कसोटीपर्यंत पोचणारा पहिला खेळाडू, खापरखेड्याचा उमेश यादव, २०११ मध्ये खेळला.

अजून न सुटलेलं

गोलंदाज आणि फलंदाज यांना एकाच तराजूत घालता येत नाही, यावर बहुतेकांचं एकमत झालंय. एकाची सरासरी घटते तेव्हा दुसऱ्याची घटतेच. तीच नोंद दोन बाजूंनी वाचली जाते. पन्नासच्या दशकात कसोटीत एक बळी साधारण २८ धावांना पडे, एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात ३४ च्या आसपास. हा फरक फलंदाजी सुधारल्याचा, गोलंदाजी ढासळल्याचा, की खेळपट्ट्या मवाळ झाल्याचा? तिन्ही उत्तरं शक्य आहेत आणि सरासरीतून एकही वेगळं काढता येत नाही. जसप्रीत बुमरानं डिसेंबर २०२४ मध्ये २० च्या आतल्या सरासरीनं २०० कसोटी बळी पूर्ण केले, असं करणारा तो पहिलाच. ते त्याच्या थोरवीनं की फलंदाजांच्या ट्वेन्टी-२० च्या सवयींनी, हा वाद आता कुठे सुरू झालाय.

देशांतर्गत क्रिकेटमध्ये अडचण आणखी मोठी. कसोटीला समोरच्या संघाची ताकद मोजायची सोय आहे. १९७४-७५ च्या रणजीतल्या एखाद्या संघाची ताकद मोजायला तसं काही नाही. जुन्या धावफलकांत चेंडूगणिक नोंद नाही. किती झेल सुटले, चेंडू कुठे टप्पा खात होता, किती पायचीत नाकारले गेले, काही कळत नाही.

माझं मत विचाराल तर समकालीनांशी तुलना हीच त्यातल्या त्यात प्रामाणिक पद्धत, पण एकाच पातळीच्या क्रिकेटपुरती. प्लेट गटातली सरासरी बेदींच्या सरासरीशेजारी मांडणं चूक आहे. आणि दुबे की बेदी, या प्रश्नाचे दोन प्रश्न करायला हवेत. दहा सामन्यांच्या लांब मोसमात, सामन्यामागे जवळपास सात बळी घेत शेवटपर्यंत टिकून राहण्यात दुबेला तोड नाही. समोरच्या फलंदाजाला धाव घेऊच न देता गाडण्यात बेदी पुढे.

तिसऱ्या प्रश्नाचं, म्हणजे विदर्भाच्या जुन्या गोलंदाजांचं, उत्तर आज देता येत नाही, कारण सामग्रीच नाही. ते काम मात्र आपल्या हातातलं आहे. आर्वी, पुलगाव, हिंगणघाट, वर्धा इथल्या जुन्या क्लबांची, शाळा-महाविद्यालयांची स्कोअरबुकं कुणाच्या माळ्यावर, कपाटात पडून असतील, तर ती रद्दीत घालू नका. पानांचे फोटो काढा, सामन्याची तारीख आणि मैदान लिहून ठेवा, आणि वही जवळच्या वाचनालयात नेऊन द्या.